काश्मीर ग्रेट लेक्स, सप्टेंबर: दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. तुम्ही सहा मित्र सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्यातर्फे काश्मीर ग्रेट लेक्सला (सोनमर्गजवळच्या शितकडीहून नारानागपर्यंत तलावांच्या काठाने जाणारा ट्रेक) गेलात आणि दोन स्टार दिलेत. तक्रारी चार: फुलं दिसली नाहीत, विशनसर तलावाच्या मुक्कामी एक दिवस ‘उगाच’ बसवून ठेवलं, तंबू गळला, सॅकने खांदे सोलवटले. आणि निम्मे पैसे परत हवेत. एकेक घेतो.

फुलांचं आधी, कारण राग तिथे जास्त दिसतो. आपल्याकडे फुलं म्हटलं की सप्टेंबर, कारण कासचं पठार तेव्हा फुलतं. सह्याद्रीत जूनला पाऊस लागतो, कातळावरच्या पातळ मातीत रोपं वाढतात आणि पाऊस ओसरायच्या सुमारास फुलतात. ट्रेकच्या वाटेवरच्या गडसर तलावाच्या उतारांवर हंगाम सुरू होतो तो बर्फ वितळल्यावर, म्हणजे जूनअखेर ते जुलैत. सप्टेंबरात रात्रीची थंडी परत गोठवायला लागते. मधल्या दोन-अडीच महिन्यांत झाडाला फुलून, बी धरून मोकळं व्हायचं असतं. त्यामुळे खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. खडकांच्या आडोशाला वाढणारी काटेरी देठाची निळी पॉपी बघायची तर तेव्हाच जायला हवं. तुम्ही पोचलात तेव्हा गवत पिवळं पडलं होतं आणि बकरवालांची (तिथल्या भटक्या मेंढपाळांची) मेंढरं चरून गेली होती. बुकिंगच्या वेळी पाठवलेल्या तक्त्यात सप्टेंबरपुढे ‘फुलं कमी, आकाश स्वच्छ’ असंच लिहिलंय. आणि स्वच्छ आकाश तुम्हाला मिळालं की! तुमच्याच फोटोत गंगबल तलावामागचा 5,142 मीटरचा हरमुख पर्वत शेंड्यापर्यंत मोकळा दिसतोय. जुलैअखेरच्या गटांना तो बऱ्याचदा ढगात असतो.

विशनसरचा दिवस. ट्रेक शितकडीहून सुरू होतो आणि पहिला मुक्काम निचनईचा, 3,500 मीटरच्या आसपास. म्हणजे पहिल्याच दिवशी जवळजवळ हजार मीटरची उडी. उंचीचा त्रास टाळायला 3,000 मीटरच्या वर झोपायची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम या मार्गाच्या नेहमीच्या आखणीत सुरुवातीलाच मोडतो. त्याची भरपाई विशनसरला, 3,700 मीटरवर करावी लागते, कारण मागे निचनईची खिंड, पुढे जवळजवळ 4,200 मीटरची गडसरची, आणि जवळपास गाडीरस्ता नाही. डोकेदुखी घेऊन गडसर चढायला लागलेला माणूस वर जाऊन उलट्या करू लागला, तर त्याला खाली आणायला अख्खा दिवस जातो. तुमच्यातल्या ज्या मित्राचं डोकं आदल्या संध्याकाळी ठणकत होतं, तो त्या ‘वाया गेलेल्या’ दिवशी शेजारच्या किशनसर तलावापर्यंत रमतगमत जाऊन आला आणि रात्री नीट जेवला. म्हणून पुढच्या सकाळी लीडरने त्याला खिंडीकडे सोडलं.

तंबूबद्दल जरा सविस्तर, कारण ही तक्रार सगळ्याच कंपन्यांकडे येते. तुम्ही लिहिलंय, ‘पाऊस नसताना सकाळी आतून थेंब’. पाऊस नसताना पाणी आलं, तर ते गळणं नव्हे. तीन माणसांच्या श्वासातली वाफ तलावाकाठच्या गारठ्यात बाहेरच्या कापडाला आतून लागते आणि तिचं पाणी होतं. गळती असेल तर थेंब शिवणीवर रांगेत दिसतात. वाफेचे थेंब कापडभर असतात. तुमच्या तंबूत दोन्ही झरोके थंडी वाजते म्हणून बंद होते आणि ओले बूट-मोजे आत होते. झरोके उघडे ठेवायचे, ओलं सामान बाहेरच्या पडवीत ठेवायचं. आतलं आणि बाहेरचं कापड यांत तळहाताएवढी तरी फट हवी. नायलॉन दवाने भिजलं की सैल पडतं, म्हणून झोपायच्या आधी ताणदोऱ्या पुन्हा आवळायच्या. स्लीपिंग बॅगचा पायाकडचा भाग कापडाला टेकला, तर तिथूनच भिजतो. तुमची बॅग नेमकी तिथेच ओली होती.

सॅक. मालवाहू खेचरं नकोत, सगळं पाठीवर नेऊ, हा पर्याय तुम्ही निवडलात. तंबूचा वाटा धरून 11-12 किलोपर्यंत ठेवा असं सांगितलं होतं. नारानागला उतरल्यावर तुमच्या दोन सॅक 15 च्या पुढे भरल्या, तेही खाऊ संपल्यावर. त्यात जीन्स होत्या. पण खांदे सोलवटले ते नुसत्या वजनाने नाही. तुमच्या चौथ्या फोटोत कमरपट्ट्याचं बक्कल उघडं लोंबतंय. आधी सगळे पट्टे सैल करा, कमरेच्या हाडावर पट्टा बसवून आवळा, मग खांद्याचे पट्टे, शेवटी वरचे छोटे. वजन कमरेवर बसलं पाहिजे, खांद्यांनी फक्त सॅक पाठीशी धरायची. जड वस्तू पाठीला चिकटून मधल्या उंचीवर, स्लीपिंग बॅग तळाशी. रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीच्या बाजूने पाणी उतरतंच. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून तिचं तोंड पिळून दुमडा.

पैशांचं: जेवण, लीडर, तंबू, परवाने सगळं ठरल्याप्रमाणे मिळालं. हंगामामुळे फुलं नसणं यासाठी परतावा देत नाही, देणारही नाही.

फुलांसाठीच जायचं असेल तर 20 जुलै ते 10 ऑगस्टमधली तारीख घ्या. तेव्हा पाऊस असतो, पोंचो लागेलच. जुलैच्या पहिल्या आठवड्यात खिंडींवर बर्फ असू शकतो, म्हणून तेवढं अलीकडे नको. फुलांच्या त्याच दिवसांत अमरनाथ यात्रा चालते, सोनमर्गच्या रस्त्यावर ताफ्यांसाठी गाड्या अडवतात, तेव्हा श्रीनगरला येण्या-जाण्यात एक दिवस हातचा ठेवा. ओळखपत्र मूळच आणा, लष्कराच्या चौक्यांवर तपासतात. आणि सिम पोस्टपेड हवं, बाहेरचं प्रीपेड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही.