पूर्वलक्षी प्रभावाने

शनिवारी खेळातल्या माझ्या चोराचे दोन पॉइंट कापले गेले, तेही चहा गाळता गाळता. "एक हाऊस रूल करतोय," आमचा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डन्जन मास्टर, म्हणाला. "एक्स्पर्टाइजला प्रोफिशियन्सी डबल नाही धरायची, नुसते अधिक दोन. बॅलन्ससाठी."

डन्जन्स अँड ड्रॅगन्स न खेळलेल्यांसाठी थोडक्यात: वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपलं कौशल्य मिळवायचं, डीएमने ठरवलेला आकडा गाठला की कुलूप उघडलं. नवव्या लेव्हलला माझे चपळाईचे पाच आणि प्रोफिशियन्सी, म्हणजे लेव्हलबरोबर वाढणारं कसब, चार; खास हातखंड्याच्या कामात, म्हणजे एक्स्पर्टाइजला, तिची दुप्पट आठ, असे तेरा होते. वीसचं अवघड कुलूप शंभरात सत्तर वेळा उघडायचं. आता साठ. दहाच टक्के गेले म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या पगारातले दहा टक्के मला आणून द्यावेत.

खरं कारण बॅलन्स नव्हतंच. आधीच्या खेळात त्याने एका तिजोरीच्या दारावर स्वतः रचलेलं कोडं कोरलं होतं, चक्क ओवीत. तो ते वाचून दाखवायच्या आत मी कुलूप उघडलं.

डीएमचे वडील सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त झालेत. आम्ही खेळतो तेव्हा ते दिवाणावर पेपर वाचत असतात.

"कपात कधीपासून लागू?" पेपरामागून आवाज आला.

"आजपासून. बाबा, गेम आहे हा."

"गेम असो नाहीतर खातं असो, लेखी आदेश लागतो. क्रमांक, दिनांक, खाली सही." मग माझ्याकडे वळून, "तू कितव्या श्रेणीत?"

"नवव्या, काका."

"नेमणुकीच्या वेळी दुप्पट मिळेल असं लिहिलं होतं?"

मी खेळाचं २०१४ चं नियमपुस्तक उघडून पान दाखवलं. काकांनी चष्मा लावून, बोट फिरवत ते सगळं वाचलं. "मग हा सेवाशर्तींत बदल झाला. नव्या भरतीला लावा, जुन्यांना कसा लावता? आणि आधी दिलेल्या जादा रकमेची वसुली?"

डीएमचे डोळे चमकले. हे त्याला सुचलंच नव्हतं.

"वसुली नको, काका," मी घाईने म्हणालो.

"हप्ते पाडून घेतात रे, घाबरू नकोस." मग त्यांच्या खात्यात कुणाला तरी चुकून लागलेली जादा वेतनवाढ, तिची फाइल आणि त्या फाइलला फुटलेली उपफाइल असं सगळं आम्ही ऐकलं. चहा निवला. शेवटी त्यांनी विचारलं, "पण हा नेमकं काम काय करतो?"

"कुलपं फोडतो."

"मग अजून निलंबित कसा नाही?"

डीएमचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. २०१४ च्या या आवृत्तीत आकडे मुद्दाम लहान ठेवलेत, वीस लेव्हलांत प्रोफिशियन्सी दोनावरून जेमतेम सहावर जाते. तिथे दुप्पट खुपणारच. त्यात अकराव्या लेव्हलला चोराचा दहाच्या खालचा फासा दहाच धरतात. दहा नि तेरा तेवीस, म्हणजे वीसचं कुलूप डोळे मिटून. कबूल. मग कुलपं पंचवीसची कर की! पुस्तकात तीस पर्यंत आकडे आहेत.

पण समतोल आठवतो तो चोराच्याच बाबतीत. हा खेळ १९७४ मध्ये आला तेव्हा चोराला त्यात जागाच नव्हती, १९७५ च्या पुरवणीत त्याला घेतलं. १९७८ च्या पुस्तकात पहिल्या लेव्हलच्या चोराचं कुलूप शंभरात पंचवीस वेळा उघडायचं, तीही वर्षं आम्ही काढली. आणि जादूगार? 'नॉक' मंत्र म्हटला की कुलूप उघडतं. फासा नाही, बेरीज नाही. त्याचा फायरबॉल इजेचे आठ फासे उधळतो, त्यावर हाऊस रूल येत नाही. आमचा जादूगार समोर बसून भडंग खात होता.

"यापुढे कुलपं तूच उघड," मी त्याला म्हणालो.

त्याने लगेच उघडलं. नॉकचा आवाज तीनशे फुटांपर्यंत जातो. पहारेकरी धावले.

"सगळ्यांनी लपा. स्टेल्थ टाका," डीएम म्हणाला. "आकडा वीस."

लपणं हेही माझं एक्स्पर्टाइज, म्हणजे कपात तिथेही. फाशावर आठ पडले. जुन्या नियमाने एकवीस, नव्या नियमाने एकोणीस.

जादूगार तोवर मंत्र म्हणून अदृश्य झाला होता. आणि आधी पकडलं कुणाला, तर मला.