अर्धे टिळक कशासाठी?

मराठी कवितेच्या एका कार्यक्रमासाठी मी रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या काही रचना सुचवल्या होत्या. ‘केवढे हे क्रौर्य’ संयोजकांनी आनंदाने स्वीकारली. त्यांच्या ‘अभंगांजली’ या संग्रहातला अभंग मात्र वगळला, आणि कारण कळवले की ती कविता नसून धर्मप्रचार आहे. आज सकाळी हा निरोप वाचल्यापासून मन इतके अस्वस्थ आहे की इथे लिहिल्यावाचून राहवत नाही.

ज्ञानेश्वरांच्या ओवीला आणि तुकोबांच्या अभंगाला आपण कधी प्रचार म्हटले आहे काय? मग त्याच छंदात, त्याच आर्ततेने, त्याच मराठीत एका माणसाने आपल्या प्रभूला हाक मारली, तर केवळ त्या प्रभूचे नाव येशू आहे म्हणून ती हाक कवितेच्या बाहेर कशी जाते?

माझी आजी वारकरी घरातली होती. रोज संध्याकाळी हरिपाठ झाला की ती आणखी एक-दोन अभंग म्हणत असे, आणि त्यांतला एक टिळकांचा होता. शेजारी राहणाऱ्या, मिशनच्या दवाखान्यात परिचारिका असलेल्या बाई तो गुणगुणत आणि भिंतीपलीकडून ऐकून ऐकून आजीला तो पाठ झाला होता. पुढे काकांनी तिला सांगितले की, आई, हा ख्रिस्ती माणसाचा अभंग आहे. त्यावर ती एवढेच म्हणाली, “अरे, देवालाच आळवलंय ना त्यानं? मग मला पुरे.” शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईला जे कळत होते, ते साहित्यावर भाषणे करणाऱ्यांना कळू नये, याचा मला संताप येतो.

शिवाय टिळकांची कविता आणि त्यांची भक्ती वेगळी काढताच येत नाही. रत्नागिरीकडच्या करजगावी १८६१ साली चित्पावन ब्राह्मण घरात जन्मलेला हा कवी आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला बायबलचा नवा करार वाचतो, त्यातल्या येशूच्या गिरिप्रवचनापाशी खिळून राहतो आणि १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतो. पण त्यानंतरही तो तुकोबांना सोडत नाही. तुकारामांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे तो उघडपणे सांगतो. अमेरिकन मराठी मिशनमध्ये नगरला काम करताना त्यांनी परदेशी चालींच्या गीतांना सरावलेल्या इथल्या ख्रिस्ती उपासनेला अभंग, भजन आणि कीर्तन दिले. इथला ख्रिस्ती माणूस इथल्याच सुरात गायला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आजीच्या ओठांवर तो अभंग इतक्या सहज बसला, तो या आग्रहामुळेच.

ते मिशनचे काम करत होते आणि लोकांनी ख्रिस्ताकडे यावे अशी त्यांची मनापासून इच्छा होती, हे मला मान्य आहे. काही रचनांत कवीपेक्षा उपदेशक पुढे येतो, हेही मान्य. पण हा निकष लावायचा तर आपल्या किती संतांचे किती अभंग शिल्लक राहतील, हे एकदा प्रामाणिकपणे मोजावे.

हे लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे, कारण टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवल्या. नवऱ्याच्या धर्मांतराने त्या माउलीचा संसार उन्मळून पडला. कित्येक वर्षांचा दुरावा, नातेवाइकांची बोलणी आणि मनातला सोवळ्या-ओवळ्याचा झगडा, हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. टिळकांच्या भक्तीची किंमत त्यांनी मोजली, आणि ती गोष्ट नजरेआड करून टिळकांचे कौतुक करणे मला कधीच जमले नाही. तरीही टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरचे काव्य पूर्ण केले ते लक्ष्मीबाईंनीच. जिने सर्वांत जास्त सोसले, तिलाच ते काव्य अर्धे राहू नये असे वाटले.

टिळकांना ‘धर्मप्रचारक’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी त्यांची शेवटची वर्षे तरी पाहावीत. १९१७ साली ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले, साताऱ्यात ख्रिस्ती संन्याशासारखे राहू लागले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा करायला घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही स्थान होते. ख्रिस्तावर प्रेम असले की पुरे. १९१९ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले आणि ते काम तसेच राहिले. मला मात्र वाटते की आजी त्या दरबारात केव्हाच जाऊन बसली होती. वारी न सोडता आणि गळ्यातली तुळशीची माळ न काढता.

इथल्या ख्रिस्ती मित्रमैत्रिणींना एक विनंती आहे. नव्या वाद्यांच्या आणि नव्या गीतांच्या ओढीत तुमच्याकडेही टिळकांची भजने मागे पडत चालली आहेत, असे मी ऐकते. घरातल्या वडीलधाऱ्यांना ज्या जुन्या चाली येत असतील, त्या त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवा आणि शक्य असेल तर मलाही पाठवा. छापील शब्द पुस्तकांत सापडतात, पण आजी ज्या चालीत म्हणत असे, ती मला अजून कुठेही मिळालेली नाही.