‘अ‍ॅडोलेसन्स’मध्ये कट लपवलेत म्हणे!

नेटफ्लिक्सवर 13 मार्च 2025 ला ‘अ‍ॅडोलेसन्स’ आली. तेरा वर्षांच्या जेमीवर शाळेतल्याच एका मुलीच्या खुनाचा आरोप येतो, त्याची ही चार भागांची ब्रिटिश मालिका. तिच्याबद्दल फिरणाऱ्या मजकुराचा सारांश असा: ‘प्रत्येक एपिसोड एकाच टेकमध्ये, म्हणजे कॅमेरा एकदाही न थांबवता, घेतला ही निव्वळ जाहिरातबाजी. जोड (कट) लपवलेत, हातातला कॅमेरा असा फिरूच शकत नाही, खिडकी आणि ड्रोन संगणकावर केलेत, संवाद जागेवरच सुचेल तसे म्हटलेत, आणि गोष्ट एका खऱ्या हत्याकांडाची असून आरोपीचा वर्ण तेवढा बदललाय.’

‘जोड लपवलेत’

शंका अगदीच बिनबुडाची नाही. ‘बर्डमॅन’ आणि ‘1917’ हे सिनेमे अखंड दिसतात, पण त्यात जोड आहेत. जोड लपवण्याच्या जागाही ठरलेल्या असतात: कॅमेरा झर्रकन फिरतो तेव्हा, अंधाऱ्या दारातून जातो तेव्हा, किंवा कुणाच्या पाठीने पडदा भरून जातो तेव्हा. हे माहीत असलेला प्रेक्षक प्रत्येक दारात कट शोधणारच.

पण इथे कामाची पद्धतच वेगळी होती. प्रत्येक भागाला साधारण तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात नटांची तालीम, दुसऱ्यात कॅमेरा, ध्वनी, प्रकाश सगळ्यांसकट तांत्रिक तालीम, आणि तिसऱ्यात चित्रीकरण: दिवसाला दोन टेक, पाच दिवस, म्हणजे दहा. सुरुवातीलाच काही फसलं तर थांबून पुन्हा पहिल्यापासून, त्यामुळे काही भागांचा आकडा दहाच्या पुढे गेला. शेवटी वापरलेले टेक असे: पहिल्या भागाचा दुसरा, दुसऱ्याचा तेरावा, तिसऱ्याचा अकरावा, चौथ्याचा सोळावा. तुकडे जोडायचेच असते तर चाळिसाव्या मिनिटाला अडखळलेला टेक अख्खा फेकून द्यायची गरज काय होती?

दिग्दर्शक फिलिप बॅरंटिनी आणि छायालेखक मॅथ्यू लुईस यांना या प्रकाराची सवयही होती. या दोघांनी नट स्टीफन ग्रॅहमला घेऊन केलेला ‘बॉइलिंग पॉइंट’ (2021) असाच अखंड आहे. आठ टेक ठरले होते, कोविडमुळे चारच मिळाले आणि तिसरा वापरला गेला.

‘हातातला कॅमेरा असा फिरणं शक्यच नाही’

एका माणसाच्या हातात असता तर खरंच शक्य नव्हतं. वापरला तो डीजेआय रोनिन 4डी. यात कॅमेरा आणि गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर ठेवणारं यंत्र, एकाच अंगात असतात आणि वजन पाच किलोच्या आत. नेहमीचा गिंबल तीन अक्षांवर तोल सांभाळतो, हा चौथ्यावरही, म्हणजे चालताना पावलागणिक बसणारा वरखाली हिसका पितो. लुईस आणि ली डेव्हिड ब्राउन हे दोघे तो आळीपाळीने चालवत. पहिल्या भागात कॅमेरा पोलिसांसोबत घरात घुसतो, जिना चढतो, जेमीबरोबर गाडीत बसतो आणि ठाण्यात उतरतो. एवढ्या वाटेत तो हातोहाती जातो. हा प्रवास खऱ्या वेळेत दाखवायचा, तर घर आणि ठाणं एकमेकांपासून काही मिनिटांच्याच अंतरावर हवीत. म्हणून वेस्ट यॉर्कशायरमधल्या साउथ कर्कबीच्या स्टुडिओत ठाण्याचा सेट लावला आणि घर तिथून जवळचंच निवडलं.

दिव्यांची अडचण याहून किचकट. कॅमेरा चारही बाजूंना वळणार म्हटल्यावर स्टँड ठेवायला कोपराच उरत नाही. प्रकाश छतातून, खिडकीतून आणि दृश्यात दिसणाऱ्या दिव्यांतूनच आणावा लागतो. तंत्रज्ञांनीही कॅमेऱ्याच्या पाठीमागे राहायचं, आणि तो वळला की त्याच्याबरोबर सरकायचं.

‘खिडकी आणि ड्रोन खोटे’

यात अर्धं खरं आहे. दुसऱ्या भागात जेमीचा मित्र वर्गाच्या खिडकीतून उडी टाकून पळतो आणि कॅमेरा त्याच्यामागून त्याच खिडकीतून बाहेर पडतो. चित्रीकरणाच्या वेळी तिथे काच नव्हती, ती नंतर संगणकावर बसवली. आतल्याने कॅमेरा बाहेरच्याच्या हाती दिला, इतकंच. काच बसवणं म्हणजे कट लपवणं नव्हे. ‘व्हीएफएक्स (संगणकावर केलेली दृश्यं) आहे, म्हणजे अखंड नाही’ हा तर्क तिथेच कोसळतो.

ड्रोन मात्र खराखुरा. भागाच्या शेवटी चालू कॅमेरा ड्रोनला अडकवला गेला, तो घरांवरून उडत खुनाच्या जागेपाशी गेला, तिथे माणसांनी झेलून सोडवला आणि फुलं ठेवायला आलेल्या बापाच्या, म्हणजे ग्रॅहमच्या, चेहऱ्यापाशी नेला. पन्नासएक मिनिटांची मेहनत त्या क्षणी वाऱ्याच्या हवाली असते. झुळूक जरा जोराची आली तरी अख्खा टेक वाया.

‘संवाद जागेवरच म्हटलेत’

पटकथा जॅक थॉर्न आणि ग्रॅहम यांची, शब्दन्‌शब्द लिहिलेली. जागेवरच सुचलेलं थोडंफार आहे, पण ते तालमीच्या पायावर. सगळ्यांत आधी चित्रित झाला तो तिसरा भाग, जेमी आणि मानसशास्त्रज्ञ ब्रायोनी यांचा. एक खोली, एक टेबल, अर्धं सँडविच आणि एक गरम चॉकलेटचा कप. जेमी झालेल्या ओवेन कूपरचं हे पहिलंच काम. मधेच त्याला खरोखर जांभई आली आणि ब्रायोनी झालेल्या एरिन डोहर्टीने भूमिका न सोडता विचारलं, ‘कंटाळा आणतेय का मी तुला?’ ते ठेवलं गेलं. त्यावर त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटतं, तेही लिहिलेलं नाही.

नाटकवाल्यांना यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच की इथे कॅमेरा हेही एक पात्र आहे आणि त्याच्याही जागा चुकून चालत नाही. जेमी चिडून कप उडवतो, ब्रायोनी स्वतःला सावरायला बाहेर जाते, आणि कॅमेरा जेमीला सोडून तिच्यासोबत निघतो. आत तो काय करतोय, हे त्या वेळी आपल्याला कळत नाही. कट असता तर लगेच दाखवता आलं असतं. दोनच माणसं असूनही हा भाग अंगावर येतो तो इथे. ‘नुसता स्टंट’ म्हणणाऱ्यांनी ही पाचेक मिनिटं पुन्हा पाहावीत.

‘गोष्ट खऱ्या घटनेची, वर्ण बदललेला’

या मजकुरात बोट दाखवलं जातं ते इंग्लंडमधल्या साउथपोर्टच्या 29 जुलै 2024 च्या हल्ल्याकडे. तिथे सतरा वर्षांच्या हल्लेखोराने नृत्यवर्गाला आलेल्या लहान मुलींवर वार केले, सहा, सात आणि नऊ वर्षांच्या तिघी गेल्या. मालिकेत तेरा वर्षांचा मुलगा, ओळखीतली शाळकरी मुलगी, आणि इन्स्टाग्रामवरच्या इमोजींचा खरा अर्थ पोलिस अधिकाऱ्याला समजावून सांगणारा त्याचाच मुलगा. दोन्हींत चाकू सोडला तर जुळतं काय? मुलांनी मुलींवर चाकू चालवल्याच्या वेगवेगळ्या बातम्यांनी ग्रॅहम अस्वस्थ झाला आणि त्यातून कल्पना निघाली, हे त्याने वारंवार सांगितलंय. अमुक एका प्रकरणावर ती बेतलेली नाही, हे थॉर्ननेही स्पष्ट केलंय. मग एका विशिष्ट आरोपीचा वर्ण बदलल्याचा प्रश्नच कुठे येतो?