आधी बरा होऊ दे, मग कामाचं बघू

परवा भाऊबीजेला मावसबहीण आली होती. तिच्या दिराच्या मुलाला दीड वर्षापूर्वी स्किझोफ्रेनिया निघाला, पोरगा तेवीस वर्षांचा, बीकॉम झालेला. आता गोळ्या नियमित चालू आहेत, कानातले आवाज जवळजवळ थांबलेत, आणि तो सारखा म्हणतोय मला कुठेतरी कामाला लावा. घरचे म्हणतायत, आधी पूर्ण बरा होऊ दे, मग कामाचं बघू. हे ऐकलं आणि मला पुढचा घास गिळवेना, कारण अगदी हेच वाक्य आमचे आप्पा माझ्या धाकट्या भावाबद्दल म्हणायचे आणि त्या वाक्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. म्हणून लिहितेय. लांब होणार आहे पोस्ट. भावाला वाचून दाखवलीय, त्याने दोन वाक्यं काढायला लावली, बाकी टाक म्हणाला.

भाऊ 1999 ला याच आजाराने आजारी पडला, तेव्हा वीस वर्षांचा, मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. हा आजार साधारण याच वयात येतो, म्हणजे शिक्षण संपवून नोकरीला लागायच्या ऐन वेळी. बाकीचे मित्र पुढे जातात आणि आपलं पोरगं तिथेच राहतं. डिप्लोमा त्याने रखडत पुरा केला, आणि 2003 ला ओळखीने एमआयडीसीतल्या एका कंपनीत लागला, क्वालिटीला. व्हर्नियर हे मोजायचं साधन घेऊन जॉब, म्हणजे तयार झालेले भाग, मोजायचे, हात अगदी बारीक होता त्याचा त्यात. आजार अर्थातच लपवलेला, आम्हीच सांगितलं होतं बोलू नको म्हणून. पण थर्ड शिफ्ट आली की रात्रीच्या गोळीचं काय करायचं? घेतली तर मशीनशेजारी डोळा लागायचा, नाही घेतली तर सकाळी घरी येऊनही झोप नाही, शेवटी त्याने कुणाला न सांगता गोळीच सोडली. 2006 च्या पावसाळ्यात आजार उलटला. तीन आठवडे दवाखान्यात होता. परत कामावर गेला तर वॉचमनने गेटवरच थांबवलं, तुला आत सोडू नको असं सांगितलंय म्हणाला. सुपरवायझर बाहेरसुद्धा आला नाही. हातात डबा घेऊन पोरगा चालत घरी आला.

आता जे माहीत आहे ते तेव्हा माहीत नव्हतं याचं मला आजही फार वाईट वाटतं. दर महिन्याला त्याच्या पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापली जायची. ईएसआयसीत दीर्घ आजारांची एक यादी आहे, त्या यादीत स्किझोफ्रेनिया आहे. दोन वर्षं सलग नोकरी आणि ठरावीक हप्ते भरलेले असले तर लांबलेल्या आजारात पगाराच्या 80 टक्के भत्ता मिळतो, आणि तो भत्ता चालू असताना मालकाला त्या माणसाला काढता येत नव्हतं, असं तेव्हाच्या ईएसआय कायद्याचं कलम 73 सांगायचं. त्याची अडीच वर्षांच्या वर नोकरी झाली होती. आम्ही एक कागदसुद्धा मागितला नाही, उलट आप्पा चार दिवस घराबाहेर पडले नाहीत. ज्यांच्या घरात असं कुणी नोकरीला आहे त्यांनी ही एक गोष्ट तरी आजच विचारून ठेवा.

मग नात्यातल्या एकांच्या झेरॉक्सच्या दुकानात वर्षभर. तिथे ड्रॉवरमध्ये गोळ्यांची स्ट्रिप सापडली आणि तेही संपलं. त्यानंतर तो घरी बसला, आणि हे घरी बसणं काय असतं ते घरात असल्याशिवाय कळत नाही. सकाळी उठायचं कशासाठी, दाढी कशासाठी, अंघोळ आज केली काय न् उद्या केली काय. आई जेवायला वाढते, तो जेवतो, पुन्हा आडवा. आम्ही म्हणायचो आजाराने असा झालाय. थोडा आजाराने होता, पण बराचसा नुसतं बसून बसून झाला होता.

2013 ला मानसिक आजारातून सावरणाऱ्यांच्या एका डे केअर सेंटरला जायला लागला. त्या लोकांचे उपकार आहेत, बस पकडून वेळेवर कुठेतरी पोचायची सवय तिथे परत लागली. पण तीन वर्षं त्याने कागदी पिशव्या केल्या, दिवाळीत पणत्या रंगवल्या, उटणं भरलं. आमच्या सोसायटीत स्टॉल लागायचा आणि सगळे प्रेमाने घ्यायचे, मीही घ्यायचे. एकदा तो मला म्हणाला, ताई, मी मायक्रॉनमध्ये मोजायचो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढंच म्हणाला आणि पुढे काही बोलला नाही.

मला वाटतं चूक इथेच होते. आपण आजारी माणसाला आधी तयार करत बसतो, अजून एक कोर्स, अजून सहा महिने, आणि खऱ्या पगाराच्या कामाचा दिवस पुढेच सरकत राहतो. नव्वदच्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर या संशोधकांनी हे उलटं करून बघितलं. माणसाला काम हवंय ना, मग त्याच्या आवडीचं खरं काम लगेच शोधायचं, शिकणं कामावरच होईल, आणि मदत करणारा माणूस नोकरी लागल्यावर निघून जाणार नाही, बरोबर राहील. युरोपातल्या सहा ठिकाणी 312 जणांवर याचा अभ्यास झाला, 2007 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलाय. या पद्धतीने मदत मिळालेल्यांपैकी 55 टक्के लोक बाहेरच्या नेहमीच्या नोकरीत लागले, आधी ट्रेनिंग मग नोकरी या जुन्या पद्धतीत 28 टक्के. म्हणजे जवळपास दुप्पट! आणि हे सगळे गंभीर मानसिक आजार असलेलेच लोक होते, कुणी सौम्य टेन्शनवाले नव्हते.

आमच्या नशिबाने त्या सेंटरला एक नवीन सोशल वर्कर मॅडम आल्या, त्यांचा विचार असाच होता. त्यांनी भावाला विचारलं तुला काय करायला आवडेल, आम्हाला नाही, त्याला. तो म्हणाला, मोजायचं, तपासायचं, लोकांशी बोलायला लागणार नाही असं. मॅडम पाच-सहा दुकानं फिरल्या आणि 2016 च्या नोव्हेंबरमध्ये, नोटबंदीच्या गोंधळात, औषधांच्या एका होलसेलरकडे गोडाऊनला तो लागला. आलेला माल बिलाशी ताडून बघायचा, बॅच नंबर, एक्स्पायरी, एमआरपी, आणि एक्स्पायरी जवळ आलेला माल वेगळा काढायचा. पगार आठ हजार.

शेठनी पहिल्या भेटीत सरळ विचारलं, काही झालं तर? मॅडम म्हणाल्या, काही झालं तर आधी मला फोन करायचा, माझा नाही लागला तर त्याच्या ताईला. मग काय काय लागेल ते ठरलं. सकाळी गोळीमुळे डोकं जड असतं, तर तो साडेदहाला येईल आणि तासभर उशिरा जाईल. काउंटरवर उभं करायचं नाही. कामं तोंडी पाच सांगायची नाहीत, चिठ्ठीवर लिहून द्यायची. महिन्यातून एकदा ओपीडीला अर्धा दिवस. बस, एवढंच, याला एक रुपया खर्च आला नाही. पहिलं वर्षभर मॅडम दर शनिवारी फोन करायच्या, एकदा त्याला आणि एकदा शेठना. मला विचाराल तर नोकरी लागली ती त्या पाच-सहा दुकानांच्या फेऱ्यांमुळे, पण टिकली ती या शनिवारच्या फोनांमुळे.

2017 च्या भाऊबीजेला त्याने ओवाळणी घातली, पाचशेची नोट. त्याच्या आधीची सगळी वर्षं आई स्वयंपाकघरात त्याच्या हातात पैसे द्यायची आणि तो ते ताटात टाकायचा, आम्ही तिघंही काही बोलायचो नाही. ती नोट अजून माझ्या कपाटात आहे.

सगळं सुरळीत झालं असं नाही हां. 2019 ला आजार परत उलटला, गोडाऊनमधल्या हमालांवर संशय घ्यायला लागला, त्यातल्या एकानेच शेठना सांगितलं की हा आज बरोबर दिसत नाही. शेठनी फोन केला, डॉक्टरांनी डोस बदलला, पाच आठवडे घरी होता आणि त्याची जागा तशीच ठेवली होती. आजार तोच, माणूस तोच, तेरा वर्षांपूर्वी गेट बंद झालं होतं आणि या वेळी नाही. आणि पुढच्याच वर्षी लॉकडाऊनमध्ये अख्खी बिल्डिंग घरात कोंडलेली असताना अत्यावश्यक सेवेचा पास गळ्यात घालून रोज कामाला जाणारा आमच्या जिन्यावरचा तो एकटा होता. वरचे काका गॅलरीतून त्याला औषधांची यादी द्यायचे.

बरेच जण विचारतात आजार सांगायचा का लपवायचा. माझं मत स्पष्ट आहे, लपवून नोकरी टिकवणं फार जीवघेणं असतं, पण अख्ख्या ऑफिसला सांगायचीही गरज नाही. एका माणसाला सांगा ज्याच्या हातात वेळ आणि रजा आहे, आणि आजाराच्या नावापेक्षा काय लागतं ते सांगा. आमच्या पालकांच्या ग्रुपमध्ये एकीची मुलगी बायपोलर आहे, म्हणजे कधी अती उत्साह तर कधी खोल उदासी, लिथियमच्या गोळ्यांवर. रात्रपाळीने झोप मोडली की तिचा आजार उसळतो, तर तिने कॉल सेंटरमध्ये फक्त कायमची दिवसपाळी आणि दर काही महिन्यांनी रक्त तपासायला सकाळचे दोन तास मागितले. मिळाले.

कायदा आहे, पण सगळीकडे सारखा पुरत नाही. 1995 च्या अपंग कायद्यात मानसिक आजार यादीत होता, नोकरीच्या आरक्षणात नव्हता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के आरक्षणापैकी 1 टक्का मानसिक आजाराला ठेवला, तोही ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसॅबिलिटी आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून. त्यासाठी 40 टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागतं, आणि ते देताना स्वतःची काळजी, लोकांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम या चार गोष्टींना मार्क असतात. म्हणजे जो धडपड करून काम करायला लागतो त्याचेच टक्के कमी भरायची भीती. याचा पुन्हा विचार व्हायलाच हवा. सरकारी नोकरीत असताना आजार आला तर काढता येत नाही, दुसऱ्या कामावर त्याच पगारात घ्यायचं, हे याच कायद्याच्या कलम 20 मध्ये आहे. 2021 च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने सीआरपीएफच्या रवींदर कुमार धारीवाल यांच्या केसमध्ये म्हटलं की मानसिक आजारातून झालेल्या वागण्यावर शिस्तभंगाची कारवाई करणं हा भेदभाव आहे. प्रायव्हेटला मात्र समान संधीचं धोरण बनवा एवढंच सांगितलंय, आणि पाच माणसांच्या दुकानात कसलं आलंय धोरण, तिथे शेठचा स्वभाव हाच कायदा.

मदत कुठे मिळते असं विचाराल तर ठाण्यात आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेचं त्रिदल आहे, पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. बायकांचं अजून अवघड, मनोरुग्णालयातून बऱ्या झाल्या तरी घरचे न्यायला येत नाहीत. टिस या मुंबईच्या समाजकार्य शिकवणाऱ्या संस्थेचा तराशा प्रकल्प अशा बायकांना राहायची जागा, शिक्षण आणि नोकरी यासाठी मदत करतो. पण अशा जागा मोजक्या आणि शहरांत. तालुक्याच्या गावात डॉक्टर मिळणंच मुश्कील, दर शनिवारी फोन करणारं माणूस कुठून आणणार? मला विचाराल तर सरकारने आधी अशा माणसांना पगार द्यावा, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडीच्या शेजारी एक टेबल आणि एक माणूस, ज्याचं काम फक्त नोकऱ्या शोधणं आणि टिकवणं.

मावसबहिणीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुमचे शेठ चांगले मिळाले. खरंय. पण या दिवाळीपासून शेठ घरी बसलेत, गुडघ्यांचं ऑपरेशन आहे, आणि मुलाने धंदा हातात घेतलाय. मुलगा वाईट नाही, नवा आहे. बारकोड स्कॅनर आणलेत, त्याचं भावाला काही वाटत नाही, दोन दिवसांत शिकला. पण हजेरीला थंब मशीन लावलंय आणि वेळ सगळ्यांना सकाळी नऊ. साडेदहाचं बोलणं शेठशी तोंडी झालं होतं, कागदावर कुठेच नाही. मॅडम केव्हाच दुसऱ्या गावी बदलून गेल्या. आठवडाभर भाऊ पहाटे पाचला उठून बसतोय आणि मला त्याच्या डोळ्यांकडे बघून भीती वाटतेय.

सोमवारी मुलाला भेटायची वेळ घेतलीय. या वेळी लिहून घेणार, डॉक्टरांचं पत्रही घेतलंय. काल रात्री भावाला म्हटलं काय काय बोलायचं ते आपण दोघं ठरवू, तर त्याने खिशातून चिठ्ठी काढली, त्याच्या त्या बारीक अक्षरात चार मुद्दे लिहिलेले, आणि म्हणाला, ताई तू चल बरोबर, पण बाहेर बाकावर बस, आधी मी बोलतो.