इचिरो म्हणजे थोरलाच असं नाही हो
जपानी नावांवरचा लेख आवडला पण त्यातलं "इचिरो नाव असलं की तो घरातला थोरला मुलगा" हे वाक्य खटकलं. इचि म्हणजे एक, मग जिरो दुसरा, साबुरो तिसरा, हे बरोबरच, आणि जपानचे माजी पंतप्रधान हातोयामा इचिरो खरंच थोरले होते. पण सगळ्यात फेमस इचिरो, बेसबॉलवाला सुझुकी, तो धाकटा आहे राव! त्याच्या नावातला 'रो' वेगळ्या कांजीने (जपानी लिखाणातलं अर्थ सांगणारं चिनी अक्षर) लिहितात, त्याचा अर्थ मुलगा नाही तर उजळ, प्रसन्न असा काहीसा. देवनागरीत दोन्ही सेमच दिसणार, तिथेच आपली गल्लत होते.

मी पुण्यात जॅपनीज शिकत होते तेव्हा हाच घोळ घातला होता, एका पाहुण्या इचिरो-सानना कौतुकाने विचारलं तुम्ही थोरले ना, तर ते हसून म्हणाले आधी कांजी बघा, मग विचारा. आणि १९९४ ला सुझुकीचं खेळाडू म्हणून नोंदवलेलं नाव आडनाव गाळून नुसतं 'इचिरो' झालं, तेही काताकानात (नुसता उच्चार दाखवणारी जपानी लिपी), म्हणजे कांजीचा प्रश्नच मिटला. सुझुकी आडनावाचे लोक तिकडे ढिगाने आहेत, आपल्याकडच्या पाटलांसारखे. हा किस्सा लेखात हवाच होता.