लूयर, अबुकाते, गरयकान

मागच्या महिन्यात अप्पा बळवंत चौकात एका दुकानाबाहेर जुन्या बेअर ॲक्टचा, म्हणजे कायद्यांच्या नुसत्या मजकुराच्या पुस्तकांचा, ढीग पडलेला दिसला. पीनल कोड, सीआरपीसी, एविडन्स ॲक्ट. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले आणि हे सगळं रद्दीत गेलं. मी त्यातला एविडन्स ॲक्ट वीस रुपयांना उचलला. दुकानदार म्हणाला, "साहेब, हा आता चालत नाही." म्हटलं, इथे चालत नसेल, सोमालियाच्या उत्तरेतल्या हर्गेसात उपयोगी पडेल.

लॉ कॉलेजात माझ्या बाकावर हर्गेसाचा एक मुलगा बसायचा. सगळे त्याला "पायरेट" म्हणून चिडवायचे, मीही चिडवलंय, आता लाज वाटते. एकदा एविडन्सच्या तासाला तो हळूच म्हणाला, "हे तर आमच्याकडचंच आहे." मला वाटलं, फेकतोय. नंतर वाचलं तेव्हा कळलं की उलट मीच अडाणी होतो.

१८८४ मध्ये इंग्रजांनी सोमाली टोळ्यांशी करार केले आणि त्या किनाऱ्याचा कारभार एडनमधून सुरू झाला. तेव्हाचं एडन मुंबई इलाख्यात. मराठी माणसाला एडन आठवतं ते वासुदेव बळवंत फडक्यांमुळे. ते १८८३ मध्ये तिथल्या तुरुंगात वारले, आणि पुढच्याच वर्षी समोरचा सोमाली किनारा इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८९८ पर्यंत तो ब्रिटिश हिंदुस्थानच्याच खात्यावर होता. रुपया तिथे चालायचा, आणि मेकॉलेसाहेबाचा पीनल कोडही.

पण एक फरक बघा. फडक्यांवर पुण्यात खटला चालला तेव्हा त्यांच्या बाजूने सार्वजनिक काका उभे राहिले. कायदा परक्यांचा, पण तो उलटून बोलू शकणारा माणूस आपला होता, कारण मुंबईत १८५५ पासून कायद्याचं शिक्षण मिळत होतं. सोमाली मुलखात इंग्रजांनी पीनल कोड पाठवला, कायद्याचं कॉलेज मात्र शेवटपर्यंत काढलं नाही. पंचाहत्तर वर्षांत कायद्याचंच काय, कुठलंच नाही!

दक्षिण सोमालिया इटालियनांच्या ताब्यात; त्यांचंही फार वेगळं नव्हतं. पण दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी तो भाग दहा वर्षांच्या मुदतीवर इटलीकडे सोपवला, तेव्हा मुदत संपायच्या आत चालवणारी माणसं तयार करणं भागच होतं. १९५४ मध्ये मोगादिशूत कायदा आणि अर्थशास्त्राची उच्च संस्था निघाली. पुढे तिचंच सोमाली राष्ट्रीय विद्यापीठ झालं. शिकवायला इटालियन प्राध्यापक, भाषा इटालियन. सोमालीला तेव्हा अधिकृत लिपीच नव्हती. ती आली १९७२ मध्ये.

मग १ जुलै १९६० ला उत्तर आणि दक्षिण एक झाले. (तारीख बघा. आपला पीनल कोडही १ जुलैलाच गेला. योगायोग, दुसरं काही नाही.) हर्गेसाचा न्यायाधीश इंग्रजी आणि हिंदुस्थानी कायद्यात मुरलेला, मोगादिशूचा इटालियन कायद्यात. दोघं एकमेकांशी सोमालीत गप्पा मारू शकत, पण निकालपत्र वाचू शकत नसत. तोड काय निघाली? दंडसंहिता इटालियन साच्याची, फौजदारी प्रक्रिया हिंदुस्थानी वळणाची. म्हणजे गुन्हा कोणता हे रोमला विचारायचं आणि तो शाबित कसा करायचा हे आपल्याला. माझा बाकावरचा मित्र खरंच फेकत नव्हता.

वकिलासाठी सोमालीत किती शब्द आहेत बघा. उत्तरेत "लूयर", सरळ इंग्रजीतून. दक्षिणेत "अबुकाते", इटालियनमधून. अरबीतून आलेला "करीन", म्हणजे सोबती. आणि अस्सल घरचा "गरयकान", म्हणजे निवाडा जाणणारा. आपला "वकील"ही अरबीच, तेव्हा हसायला जाऊ नका.

आता माझा मुद्दा. सोमालिया म्हटलं की आपल्याकडे "तिथे कायदाच नाही" असं बिनधास्त बोलतात. अहो, कायदा चिक्कार आहे, चार थर आहेत: रूढी, शरिया, इंग्रजी-हिंदुस्थानी आणि इटालियन. सगळ्यात खाली "हेर". आपला गुप्तहेर नव्हे. सोमाली रूढीचा कायदा. बाभळीच्या जातीच्या एखाद्या झाडाखाली दोन्ही कुळांची वडीलधारी मंडळी बसतात, मागचे निवाडे तोंडपाठ सांगतात, मधेच कविता म्हणतात. खून झाला तर पुरुषामागे शंभर उंट, बाईमागे पन्नास. पोरं कडेला बसून ऐकतात आणि ऐकत ऐकतच तयार होतात. हेही कायद्याचं शिक्षणच. शिवाय मशिदीत शाफी पंथाचा फिक्ह, म्हणजे इस्लामी कायदा, शिकवणारे वेगळेच. नव्हता तो या सगळ्याला एकत्र शिकवणारा वर्ग. दर वेळी शिकायचं म्हणजे आधी परकी भाषा शिकायची.

आणि जो एक वर्ग मोगादिशूत जमला होता, त्याची हवा लष्करशहा सियाद बारेने काढली. १९६९ ला लष्करी उठाव, १९७० ला राष्ट्रीय सुरक्षा न्यायालय, न्यायासनावर लष्करी अधिकारी. वकिली शिकून बाहेर पडायचं आणि खटला चालणार गणवेशासमोर! १९९१ मध्ये राजवट कोसळली, विद्यापीठही बंद पडलं, ते पुन्हा उघडलं २०१४ मध्ये. मधल्या काळात लोकांनी आपापलं उभं केलं: १९९७ मध्ये मोगादिशू विद्यापीठ, शरिया आणि कायदा एकाच विद्याशाखेत, उत्तरेत बोरामाला अमूद, २००० मध्ये हर्गेसा विद्यापीठ.

याच देशाच्या राष्ट्रीय विद्यापीठातून कायदा शिकलेले अब्दुलकावी युसूफ २०१८ ते २०२१ हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्ष होते. २०२१ मध्ये सोमालिया विरुद्ध केनिया हा सागरी हद्दीचा निकाल लागला, तेव्हाच्या पीठात ते होते आणि मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारीही होते. आपल्या बातम्यांत मात्र सोमाली माणूस दिसतो तो नौदलाने पकडून मुंबईत आणलेला.

झाडाखालच्या न्यायाचं मला अति कौतुक नाही, हेही सांगतो. तिथे बाईला बसायला जागा नाही. पन्नास उंटांतच सगळं आलं. मित्राची धाकटी बहीण हर्गेसात कायदा शिकते, तिचं याबाबतीतलं मत भावापेक्षा बरंच कडक आहे. बलात्काराची केस कोर्टात उभी राहते, दोन्हीकडचे म्हातारे बाहेर तडजोड करतात, तक्रार मागे. मुलीला विचारतं कोण? भाऊ यावर एक सोमाली म्हण ऐकवतो, निवाड्यानंतर दोन माणसं एकदम हसत नाहीत. ती म्हणते, इथे दोघेही हसत घरी जातात, कारण तिसरी खोलीतच नसते.

एविडन्स ॲक्ट तिच्यासाठीच घेतला. पाठवण्याआधी चाळला तर कुणा पुणेकराने पेन्सिलीने समासात लिहिलंय, "मृत्युपूर्व जबानी – नक्की येणार!!" खोडलं नाही. तिला फोनवर अर्थ सांगितला. म्हणाली, हा प्रश्न आमच्याकडेही नक्की येतो.