"रोज खोटा ओके पाठवला" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

मालक नमस्कार. तुमच्या बिलांचा रोज रात्रीचा बॅकअप रिकामा निघाला, ११ दिवसांची बिलं गेली, तुमच्या पोरांना कागदावरून बघून परत टाकायला लागली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. चूक बॅकअप घेणाऱ्या आमच्या स्क्रिप्टचीच होती.

पण तुम्ही लिहिलंय की काही चेक न करता रोज खोटा ओके पाठवायचे, ते लई लागलं. चेक होता ओ. कमांड संपली की एक्झिट कोड देते, शून्य म्हणजे काम झालं, दुसरा कुठलाही आकडा म्हणजे सहसा गडबड, आणि तो कोड बघूनच रात्री तुम्हाला बॅकअप ओके असा मेसेज जायचा. घोळ झाला पाइपमुळं, म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला द्यायची सोय. डेटाबेसचा डंप, म्हणजे सगळ्या डेटाची कॉपी, काढून तसाच पाइपनं फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिपला द्यायचा अशी एकच ओळ होती, आणि बॅशमध्ये, म्हणजे ज्यात स्क्रिप्ट चालते त्यात, अशा ओळीचा कोड म्हणजे शेवटच्या कमांडचा कोड, आधीची पडली तरी कळत नाही. डंपला १०४५ चा एरर येत होता, ॲक्सेस डिनाइड, जीझिपला काहीच मिळालं नाही तरी त्यानं रिकामी फाइल बनवून शून्य दिला. तुमच्याच ऑफिसात बसून मी त्या फाइली बघितल्या, एकेक २० बाइटची, घोळ सुरू व्हायच्या आदल्या दिवसाची ४० एमबी. पोटात गोळा आला माझ्या. एरर लॉगमध्ये रोज पडत होता, तो मी उघडून बघायला पाहिजे होता, हे खरंय.

आणि ॲक्सेस का मिळाला नाही, तर सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या गडबडीत तुमच्याकडं डेटाबेसचा पासवर्ड बदलला. पासवर्ड तुमचा, हक्क तुमचा, पण आम्हाला एक फोन तरी करायचा की, आणि रिव्ह्यूत त्याचा एक शब्द नाही. नवी पेठेत १४ वर्षं दुकान आहे, एमआयडीसीतले टॉवेलवाले एकमेकांना विचारून माझ्याकडं येतात, ते आता हे वाचून फोन करायलेत.

तुमच्या स्क्रिप्टमध्ये त्याच रात्री पाइपफेल ही बॅशची सेटिंग लावलीय, आता मधली कमांड पडली तरी ओके जाणार नाही, फाइलचा साइज पण बघतोय. बाकीच्या गिऱ्हाइकांचं पण बघून घेतो, बॅकअप अधूनमधून उघडून बघायचं पण ठरवलंय.

एक स्टार राहू द्या मालक, फक्त "खोटा" शब्द तेवढा काढा.